आयर्विनला किती?

जुलै उजाडला की सांगलीत हा प्रश्न कानावर पडायला लागतो. चहाच्या गाड्यावर, भाजी घेताना, फोन उचलल्या उचलल्या. ‘आयर्विनला किती?’ म्हणजे १९२९ सालच्या त्या पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. ‘पाणी’, ‘पातळी’, ‘फूट’ यातला एकही शब्द उच्चारावा लागत नाही. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हाच आकडा ५७ च्याही वर गेला होता. त्यानंतर तर हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाजच बदलतो.

पण नुसत्या एका आकड्यानं कुणाचंच समाधान होत नाही. ‘३८’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘चढतंय का उतरतंय?’ मग कराडला काय आहे, भिलवडीला काय आहे, कोयनेतून किती सोडलंय. कोयना कराडला कृष्णेत मिळते, म्हणून तिथला आकडा आधी बघायचा, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. थोडक्यात, प्रश्न एका आकड्याचा वाटला तरी मागणी यादीची असते. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ, राजापूर बंधारा अशी नदीच्या वाहण्याच्या क्रमानं लावलेली यादी पावसाळ्यात फोनाफोनी फिरत असते.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आम्ही काही मित्र मिळून या नोंदी एका ठिकाणी गोळा करून एपीआयमधून (एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली वाट) देतो, आणि त्यावर इतरांची छोटी छोटी अॅप चालतात. एखादी नोंद द्यायची कशी, यावर फारसा वाद होत नाही. पूल, वेळ, पातळी, झालं. खरं डोकं लागतं ते यादी देताना. रेस्टबद्दल, म्हणजे वेबवरच्या अशा सेवा रचायच्या एका शैलीबद्दल, पोटतिडकीनं बोलणारे लोकसुद्धा यादीपाशी आले की ‘अॅरे (एकापाठोपाठ लावलेल्या नोंदी) परत करायचा’ एवढ्यावर विषय मिटवतात. मला ते पटत नाही. यादी वाचणारा माणूस यादीत काय आहे यावरून जेवढे निर्णय घेतो, तेवढेच यादीत काय नाही यावरूनही घेतो. म्हणून यादीनं स्वतःबद्दल बोललं पाहिजे. ती कधीची आहे, पुरी आहे की अपुरी, तिच्यापुढे आणखी काही आहे का, हे तिनंच सांगायचं.

रॉय फील्डिंग यांनी २००० साली पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट मांडलं. त्यात रिसोर्सची जी कल्पना आहे ती मला नदीकाठी बसून जास्त चांगली कळली. त्यांच्या मते रिसोर्स म्हणजे त्या क्षणी हाती असलेला मजकूर नव्हे. एका नावामागची जी कायमची कल्पना, ती रिसोर्स. ‘आयर्विनच्या आजच्या नोंदी’ हा एक रिसोर्स आहे. सकाळी त्यात दोन नोंदी असतील, रात्री वीस असतील, आणि मध्यरात्री बाराच्या ठोक्यानंतर एकही नसेल. पत्ता तोच, कल्पना तीच. म्हणजे यादी ही तिच्या पोटातल्या वस्तूंपेक्षा वेगळी, स्वतःच्या अंगानं उभी असलेली गोष्ट आहे. हे मान्य केलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात.

पहिला निर्णय वेष्टनाचा. रिस्पॉन्स (सर्व्हरचं उत्तर) म्हणून थेट जेसन या मजकुरी पद्धतीत लिहिलेला अॅरे पाठवायचा, की एक ऑब्जेक्ट (नावं दिलेल्या खणांची पेटी) पाठवून त्याच्या आत अॅरे ठेवायचा? उघडा अॅरे दिसायला सुटसुटीत असतो. पण त्याच्यावर काही लिहायला जागाच नसते. मार्केट यार्डात हळदीचं पोतं यावं आणि त्यावर ना शेतकऱ्याचं नाव, ना गाव, ना एकूण किती पोत्यांपैकी हे कितवं, तसं ते. माल चांगला असेलही, पण त्याचं करायचं काय? शिवाय आज अॅरे दिला आणि उद्या त्यासोबत यादीची वेळ सांगावीशी वाटली, तर वरचा आकारच बदलावा लागतो आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं प्रत्येक अॅप एका फटक्यात मोडतं. ऑब्जेक्ट असेल तर त्यात एक ‘की’ (खणाचं नाव) वाढवली तरी जुन्या अॅपला पत्ताही लागत नाही. जुन्या ब्राउझरांत उघड्या अॅरेमधली माहिती दुसऱ्या वेबसाइटला चोरता येण्याची एक वाट होती, तेही एके काळी वेष्टनाच्या बाजूचं कारण होतं. ती वाट आता बुजली आहे. जागेचं कारण मात्र कायम आहे.

यादीबद्दलची माहिती हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या मजकुराबाहेर सोबत जाणाऱ्या ओळींत, ठेवायची अशीही एक पद्धत आहे. गिटहब ही कोड ठेवायची सेवा ती वापरते: बॉडीत (उत्तराच्या मूळ मजकुरात) अॅरे, आणि पुढच्या-मागच्या पानांचे पत्ते लिंक हेडरमध्ये. त्या हेडरचं प्रमाण २०१७ च्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ८२८८ मध्ये लिहिलेलं आहे आणि ते चोख आहे. तरीही मी बॉडीच्या बाजूचा आहे, आणि माझं कारण पुराच्या दिवसांतलं आहे. त्या दिवसांत कुणीतरी रिस्पॉन्स फाइलमध्ये सेव्ह करतो, ती फाइल दुसऱ्याला पाठवतो, तिसरा ती वाचतो. या प्रवासात हेडर पहिल्याच वळणावर गळून पडतात. यादी जिथं जाईल तिथं तिची ओळखही सोबत गेली पाहिजे.

आता रिकाम्या यादीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं.

२०२१ च्या जुलैची गोष्ट. माझी आत्या दत्तनगरला राहते. पाणी चढायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत सगळ्यात आधी शिरतं. मी गेलो तेव्हा घरात निम्मं सामान माळ्यावर गेलं होतं आणि बाकीचं जिन्यात अडकलं होतं. आत्यानं तांदळाची गोणी अर्ध्यावर थांबवून फोन माझ्यापुढे धरला. तेव्हा बरेच जण वापरायचे असं एक अॅप उघडं होतं. वरती तारीख, खाली पांढरी मोकळी जागा.

‘बघ की रे, काहीच दाखवत नाही. उतरलं म्हणायचं का पाणी?’

तिचं काय चुकलं? यादीत काही नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असाच अर्थ कुणीही शहाणा माणूस लावेल. मी म्हटलं, ‘आत्या, थांब जरा, गोणी खाली आणू नको.’ पुलाकडून नुकताच आलेला शेजारी म्हणाला, अजून चढतंय. मग जिन्यातच बसून मी त्या अॅपचा मूळ रिस्पॉन्स काढून बघितला. स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक. बॉडीत एक चौकटी कंस उघडलेला आणि तिथंच मिटलेला. ज्या ठिकाणाहून त्या सेवेला आकडे यायचे तो दुवा तुटला होता. कोड लिहिणाऱ्यानं एरर पकडून रिकामा अॅरे परत करणारी ओळ टाकली असणार, अॅप बंद पडू नये म्हणून. हेतू चांगलाच असणार. पण त्या एका ओळीनं ‘मला माहीत नाही’चं ‘काही नाही’ झालं, आणि त्यावर विसंबून आत्या भरलेली गोणी खाली आणायला निघाली होती.

म्हणून आमच्याकडे नियम पक्का आहे. पूल माहीत आहे, शोध नीट झाला, आणि त्या काळातली एकही नोंद खरोखरच नाही, तर २०० आणि रिकामा अॅरे. इथं ४०४ (‘असं काही सापडलं नाही’) द्यायचा नाही, कारण यादी जागेवर आहे, फक्त तिच्यात आज काही नाही. मागितलेला पूलच आमच्या माहितीत नसेल, तर ४०४. आणि आम्हालाच आकडे मिळत नसतील, तर ५०३ (‘सेवा सध्या देता येत नाही’), सोबत रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये किती सेकंदांनी परत विचारायचं ते, आणि बॉडीत कारण. कारण कसं लिहायचं यालाही आता एक ठरलेला आकार आहे, २०२३ चं आरएफसी ९४५७. प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील अशा ठरावीक की त्यात असतात. अॅप बनवणाऱ्याला प्रत्येक सेवेची वेगळी एरर-भाषा शिकावी लागत नाही. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ या दोन गोष्टी वायरवरून जाताना सारख्या दिसता कामा नयेत, यावर मी कुणाशीही कितीही वेळ भांडायला तयार आहे.

हीच गोष्ट यादीच्या पोटातही घडते, आणि तिथं ती लवकर ध्यानात येत नाही. आठ ठिकाणांपैकी ताकारीची नोंद आली नाही. सोपा मार्ग म्हणजे सातच पाठवायच्या. स्क्रीनवर सात ओळी दिसतात, त्या नीटनेटक्या दिसतात, आणि आठवी नाही हे मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही. पूर चढत असताना कोण ओळी मोजत बसतो? आम्ही ताकारीची ओळ ठेवतो, पातळीच्या जागी ‘नल’ (किंमत नाही अशी खूण) लिहितो, आणि शेजारी कारण: नोंद यायची आहे, संपर्क तुटला आहे, किंवा मोजपट्टी वाचता येत नाही. शेवटचं कारण आलं तर त्याचा अर्थ पाणी कमी आहे असा नसतो, बहुतेक वेळा उलटाच असतो.

आकड्याचंही सांगितलं पाहिजे. सांगलीत पातळी फूट-इंचात बोलतात. ४१ फूट ६ इंच ही नोंद कुणी ४१.६ अशी टाइप करतो. दशांशात वाचलं तर ते ४१ फूट ७ इंचांच्या थोडं वर जातं. इंचभराचा फरक, चालून जाईल म्हणाल. पण ४१ फूट १० इंच कुणी ४१.१० असं लिहिलं, की जेसन वाचणाऱ्या प्रोग्रॅमला शेवटच्या शून्याचं काही महत्त्व नसतं. ते ४१.१ होतं, आणि अॅप इमानदारीत ४१ फूट १ इंच दाखवतं. नऊ इंच पाणी गायब. मागच्या तासाची नोंद ४१ फूट ९ इंच असेल तर आलेखात नदी चक्क उतरलेली दिसते, आणि ती त्या तासाला एक इंच चढलेली असते. म्हणून आमच्या नोंदीत पातळी सरळ इंचांत, पूर्णांकात असते: ४१ फूट १० इंच म्हणजे ५०२. इशारा ४८०, धोका ५४०. फूट-इंचात दाखवायचं काम अॅपचं. एकक काय आहे हे यादीच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, कुठल्या तरी वेगळ्या माहितीपत्रकात नव्हे. वेळेचंही तसंच. ‘सकाळी ७’ न लिहिता तारीख, वेळ आणि अधिक साडेपाच तास हा फरक, सगळं एकत्र. आणि प्रत्येक यादीत वेळा दोन: नोंद मोजली कधी आणि यादी तयार झाली कधी. नोंद तीन तासांपूर्वीची आणि यादी आत्ताची असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की मधल्या काळात नवं काही आलेलं नाही.

यादी पानापानानं देण्याचा विषय पुस्तकांतून नेहमी मोठ्या डेटाच्या संदर्भात येतो. आमचा डेटा मोठा नाही, तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण आमची यादी वाचता वाचता वाढत असते. समजा नव्या नोंदी वर, एका पानावर वीस. तुम्ही पहिलं पान वाचलं. तेवढ्यात तास पुरा झाला आणि आठ ठिकाणच्या आठ नव्या नोंदी वर येऊन बसल्या. आता तुम्ही ‘पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस’ मागता. नव्या क्रमानं मोजलं तर तुमच्या जुन्या पानावरच्या शेवटच्या आठ नोंदी तुम्हाला पुन्हा मिळतात. हे ऑफसेटचं नेहमीचं दुखणं. याहून वाईट गोष्ट उलट्या दिशेला घडते. मधली एखादी चुकीची नोंद काढून टाकली की सगळ्या एक पायरी वर सरकतात, आणि दोन पानांच्या सांध्यावरची एक नोंद कुणालाच न दिसता निसटते. दुबार आलेली नोंद डोळ्यांना खटकते तरी. निसटलेली खटकत नाही. (म्हणूनच चुकीची नोंद आम्ही काढत नाही. ‘दुरुस्त’ असा शेरा मारून जागेवर ठेवतो.) शिवाय ऑफसेट वाढत जाईल तसा डेटाबेसला आधीच्या तेवढ्या ओळी वाचून फेकून द्याव्या लागतात. कुणी २०१९ पर्यंत मागं जायला लागला की हे जाणवतं.

यावर उपाय कर्सर. ‘इतक्या सोडून’ असं न म्हणता ‘या नोंदीच्या आधीच्या’ असं मागायचं. वर कितीही नव्या नोंदी येऊ देत, खूण हलत नाही. पण यातही एक खाच आहे. खूण नुसत्या वेळेची केली तर भागत नाही, कारण सकाळी ७ ची नोंद एक नसते, आठ असतात. पान जर ७ च्या तिसऱ्या नोंदीवर संपलं आणि पुढच्या वेळी ‘७ च्या आधीच्या’ मागितल्या, तर ७ च्या उरलेल्या पाच गेल्या. ‘७ आणि त्याआधीच्या’ म्हटलं, तर तीन परत आल्या. म्हणून क्रम वेळ आणि नोंदीचा आयडी या जोडीनं लावायचा, आणि खुणेतही दोन्ही घालायचे. एवढी काळजी घेतली की सांधा बसतो.

हा कर्सर अॅपनं उलगडून बघू नये, म्हणून तो आम्ही अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या रूपात देतो. आणि खरं तर कर्सर सुटा देतच नाही, पुढच्या पानाचा पूर्ण यूआरएल देतो. अॅपनं तो जसाच्या तसा उघडायचा. उद्या आम्ही आतली पद्धत बदलली तरी बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. यादी संपली हे ओळखायची खूणही एकच: पुढचा दुवा नाही. पानावर विसाच्या ऐवजी अकराच नोंदी आल्या म्हणजे यादी संपली असा अंदाज अॅपनं बांधायचा नाही, कारण कधी कधी सर्व्हर काही नोंदी गाळून पान थोडकं देतो आणि पुढे माल शिल्लक असतो. एका पानावर किती मिळतील याला वरची मर्यादा हवीच. गिटहब १०० वर थांबतं, आम्हीही तेवढंच ठेवलं आहे. कुणी ५००० मागितल्या तर १०० देतो आणि १०० दिल्याचं सांगतो.

एकूण किती नोंदी आहेत, हा आकडा प्रत्येकाला हवा असतो आणि फार थोड्यांना लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अचूक मोजणी करायची तर ओळी खरोखर फिरून मोजाव्या लागतात. प्रत्येक पानासोबत ती मोजणी करणं म्हणजे सर्व्हरला विनाकारण राबवणं. मागितला तर देतो, एरवी नाही.

हॅल, जेसन-एपीआय असे तयार साचे आहेत. जेसन-एपीआयची पहिली आवृत्ती २०१५ ची. डेटा, लिंक्स आणि मेटा (यादीबद्दलची माहिती) अशा तीन खणांची तिची विभागणी मला आवडते, आणि नावं आम्ही तिथूनच घेतली. बाकीचा सगळा साचा आमच्या कामाला जड होता.

फिल्टरबद्दल मात्र माझं मत कडक आहे. अॅपनं यूआरएलमध्ये पुलाचा फिल्टर लावला, पण पॅरामीटरच्या (मागणीतल्या अटीच्या) नावात एक अक्षर चुकलं. बरेचसे सर्व्हर न ओळखीचा पॅरामीटर निमूट सोडून देतात आणि सगळ्या पुलांची यादी परत करतात. अॅपला वाटतं ही अंकलीची यादी. त्यातली पहिली ओळ कराडची असते, आणि तो आकडा अंकलीच्या नावाखाली लोकांपुढे जातो. असा प्रकार डोळ्यांदेखत बघितल्यावर आम्ही न ओळखीच्या पॅरामीटरला सरळ ४०० (‘मागणीच चुकीची’) देतो आणि कोणता शब्द कळला नाही ते नावानिशी सांगतो. शिवाय जे फिल्टर लागू केले ते यादीच्या मेटामध्ये परत लिहितो. ‘अंकली, आज सकाळपासून’ असं यादीनं स्वतःच म्हटलं की घोटाळ्याला जागा उरत नाही.

पुरात टॉवर बंद पडतात, चार्जिंग जपून वापरावं लागतं, नेट आलं तर दोन मिनिटं येतं. नोंद तासाला एक, पण लोक मिनिटाला दहादा रिफ्रेश करतात. अशा वेळी ई-टॅग, म्हणजे यादीच्या त्या त्या रूपाची खूण, कामाला येतो. अॅप म्हणतं, माझ्याकडे ही खूण असलेली यादी आहे, बदलली आहे का? नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो आणि बॉडी पाठवतच नाही.

एका गोष्टीवर आमच्यात बराच वाद झाला. आठपैकी पाच ठिकाणची नोंद आली, तीन आल्या नाहीत. स्टेटस काय द्यायचा? एक मित्र म्हणाला, २०६, नावातच ‘अंशतः’ आहे. पण २०६ हा फाइलचा ठरावीक तुकडा मागणाऱ्या रेंज रिक्वेस्टसाठी आहे, आपल्या सोयीनं त्याला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. दुसरा म्हणाला, अपुरी यादी देण्यापेक्षा ५०३ द्या. मला ते पटेना. भिलवडीच्या माणसाला भिलवडीचा आकडा हवा आहे आणि तो आमच्याकडे आहे. ताकारीचा आला नाही म्हणून त्याला का अडवायचं? शेवटी ठरलं ते असं: एक जरी नोंद हाती असली तर २००, आठही ओळी जागेवर, तीन ओळींत नल आणि कारण. मेटामध्ये अपेक्षित आठ, मिळालेल्या पाच, आणि ‘यादी पूर्ण आहे का’ या की-समोर ‘नाही’. अॅप बनवणाऱ्यांना आम्ही एवढंच आग्रहानं सांगतो की ही की ‘नाही’ असेल तेव्हा यादीच्या डोक्यावर ठळक पट्टी दाखवा, तळाला बारीक अक्षरांत नको.

हे सगळे बदल मे महिन्याच्या आत उरकायचे असतात. दत्तनगरातल्या फोनांवरची अॅप कुणी दर आठवड्याला अपडेट करत नाही, काही तर बसवल्यापासून तशीच आहेत. त्यामुळे एकदा दिलेलं की-चं नाव बदलायचं नाही, काढायचं नाही, त्याचा अर्थ फिरवायचा नाही. वाढवायचं असेल तर नवी की वाढवायची. यंदा दोन वाढवल्या आहेत: नोंद कुणी माणसानं वाचली की यंत्रानं, आणि मागच्या नोंदीपेक्षा किती इंच चढ किंवा उतार. दुसरी अॅपलाही काढता आली असती. पण मागची नोंद नल असेल तर वजाबाकी कशातून करायची, हे प्रत्येक अॅपनं आपापल्या परीनं ठरवण्यापेक्षा ते एकाच ठिकाणी ठरलेलं बरं.